सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर: मराठवाड्यातल्या छोट्या दवाखान्यांसाठी

ड्यूटीवर कुणाला सुई टोचली की पहिला प्रश्न ठरलेला: "पेशंटला एचआयव्ही होता का?" नव्हता असं कळलं की माणूस बोटाला कापूस लावून पुन्हा कामाला लागतो. आपल्याकडे भीतीचा क्रमच उलटा लागलेला आहे. एचआयव्ही असलेल्या रुग्णासाठी वापरलेली सुई आपल्याला टोचली, तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटीस सी साठी जुन्या अभ्यासांत १.८ टक्के हा आकडा सांगितला जायचा, नव्या अभ्यासांत तो बराच खाली आला. हिपॅटायटीस बी मात्र वेगळ्याच पायरीवर आहे. रुग्णाच्या रक्तात हा विषाणू भरपूर असेल आणि टोचून घेणाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय हा विषाणू टेबलावर, ट्रेच्या कडेला वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकून राहतो. आणि या तिघांपैकी लस आहे ती फक्त यालाच.

घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचं विष्णुपुरी किंवा लातूरची विलासराव देशमुख संस्था, अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत विचारायला कुणीतरी असतं. हा लेख त्यांच्यासाठी नाही. उदगीर, परळी, किनवट, वैजापूर, जिंतूर, वसमत, भूम अशा गावांतली दहा-वीस खाटांची रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं, लॅब आणि डायलिसिस सेंटर डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. तिथे रात्री एक सिस्टर, एक मामा आणि फोनवर डॉक्टर असतात. सुई टोचते ती बहुतेक वेळा सिस्टरला, लॅबवाल्या मुलाला, आणि सगळं आवरल्यावर कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्या मावशींना. मावशींना टोचलेली सुई कुणाची होती, हे तर कधीच कळत नाही.

पहिलं काम: लस, आणि लसीनंतरची तपासणी

हिपॅटायटीस बी लसीचे तीन डोस: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. मोठ्या माणसाला प्रत्येक वेळी १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, आणि तीही दंडाच्या स्नायूत. कमरेवर घेतलेला डोस चरबीत अडकतो आणि प्रतिकारशक्ती कमी तयार होते, तेव्हा "दंड दुखतो, कमरेत द्या" हा आग्रह इथे मानू नका. मधला डोस चुकला, चार महिने लांबला, तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. जिथे थांबलात तिथून पुढे जा.

गळती होते ती तिसऱ्या डोसला. कंत्राटावरची सिस्टर पाच महिन्यांत दुसरीकडे जाते. बीड, धाराशिव, जालन्याकडे सफाईच्या कामावरचं एखादं कुटुंब ऊसतोडीला जाणारं असेल, तर दिवाळीच्या आसपास ते कारखान्यावर निघतं ते उन्हाळ्यातच परततं. अशा माणसांचा पहिला डोस मे-जूनमध्ये दिला, तर तिसरा नेमका ते गावात नसताना येतो. मार्च-एप्रिलमध्ये सुरू करा, म्हणजे टोळी निघायच्या आधी तिन्ही पूर्ण होतात. तारखा वहीत न ठेवता ड्यूटीच्या तक्त्यावरच लिहून ठेवल्या तर विसरायला होत नाही.

लसीची बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवायची. वीज जाते म्हणून ती बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. ही लस गोठली की निकामी होते, आणि बाहेरून बघून ते कळेलच असं नाही. गोठल्याची शंका आली तर ती टाकून द्या.

आता बहुतेक जण सोडून देतात तो भाग. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटरची, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली त्याची तपासणी करायची. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की तुम्ही सुरक्षित. निरोगी माणसाला एकदा तो आला की पुढे कमी झाला तरी बूस्टर लागत नाही, त्यामुळे दर पाच वर्षांनी डोस विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. आकडा १० च्या खाली आला तर तीन डोसांचा दुसरा कोर्स घेऊन पुन्हा तपासा. तरीही आला नाही, तर आधी एचबीएसएजी तपासून घ्या, कारण कधी कधी माणसाला आधीपासूनच हिपॅटायटीस बी असतो. तोही निगेटिव्ह असेल, तर तुमच्यावर लस चालत नाही असं धरायचं आणि तसं कार्डावर ठळक लिहायचं. अशा माणसाला सुई टोचली की काय करायचं, ते पुढे येतं.

खर्चाचं म्हणाल तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी दवाखान्याच्या मालकावर टाकली आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणं मालकाला बंधनकारक आहे. त्यात मावशी आल्या, कंत्राटी मामाही आले. "ते एजन्सीचे आहेत" हे उत्तर चालत नाही. सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात येतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

दुसरं: सुया कमी करा

"एक सुई लावा की डॉक्टर, गोळीनं काय होतंय?" ओपीडीत हे दिवसातून कितीदा ऐकावं लागतं, ते तालुक्याच्या डॉक्टरला विचारा. अंगदुखीला इंजेक्शन, अशक्तपणाला सलाईन, आणि दिलं नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात. व्यवसायाची ही अडचण मला कळते. पण विनाकारण दिलेली प्रत्येक सुई म्हणजे सिस्टरच्या बोटाला एक जादा संधी. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथे हिपॅटायटीस बी ची जी मोठी साथ आली, तिच्या मुळाशी पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज होत्या.

आता सिरिंज कुणी मुद्दाम दोनदा वापरत नाही. तरी चूक वेगळ्या रूपात चालू आहे आणि चांगल्या दवाखान्यांतही दिसते. सुई बदलायची, सिरिंज तीच ठेवायची. रक्ताचा अंश सिरिंजच्या नळीत येतो, तेव्हा सुई बदलून काहीच साधत नाही. लिग्नोकेन, हेपॅरिन, इन्सुलिन अशा अनेक डोसांच्या बाटलीत प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंजच गेली पाहिजे. सलाईनच्या बाटलीत एक सुई कायमची रोवून ठेवायची आणि वॉर्डातल्या सगळ्यांचे व्हेनफ्लो (शिरेत बसवलेल्या नळ्या) त्यातून फ्लश करायचे, ही पद्धत आजच बंद करा. त्या एका बाटलीतून अख्खा वॉर्ड एकमेकांशी जोडला जातो.

साखर तपासणीची शिबिरं हे आणखी एक ठिकाण. जयंती असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, मांडव घालून शंभर-दीडशे जणांची बोटं टोचली जातात. टोचायचं पेन एकच असतं, आतली सुई बदलतात. तेवढ्याने भागत नाही. पेनाच्या तोंडाला लागलेलं रक्त पुढच्या बोटाला लागतं आणि हिपॅटायटीस बी ला इतकं रक्त पुरतं. शिबिरात एकदाच वापरून टाकायचे, टोचल्यावर आपोआप आत जाणारे लान्सेटच वापरा. आयोजकांना बॅनरवर खर्च करता येतो, तर यावरही करता येईल.

तिसरं: सुईचा कातडीपासून डब्यापर्यंतचा प्रवास

सुई रुग्णाच्या अंगातून बाहेर आल्यापासून डब्यात पडेपर्यंतचा वेळ सगळ्यात धोक्याचा. हा प्रवास जितका छोटा तितकं बरं. म्हणजे डबा ट्रॉलीवर, हात पोचेल इतक्या अंतरावर हवा. स्टाफरूमच्या कोपऱ्यात ठेवलेला डबा कितीही नियमाप्रमाणे असला तरी सुई घेऊन वॉर्ड ओलांडावा लागतो, आणि मध्ये कुणीतरी "ओ सिस्टर" म्हणून हाक मारतंच.

टोपण परत लावू नका. सगळ्यात जास्त वेळा टोचतं ते इथेच. अगदीच लावावं लागलं, तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवा आणि एका हाताने सुईने ते उचला; दुसरा हात पाठीमागे. सुई वाकवू नका, हाताने सिरिंजपासून सोडवू नका. ती हब कटरमध्ये कापा किंवा थेट पांढऱ्या पारदर्शक, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाका. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. वरपर्यंत दाबून भरलेल्या डब्यात हात घालून जागा करताना टोचलेल्यांची संख्या कमी नाही. बाकी रंग सगळ्यांना पाठ आहेत: सुईविना सिरिंज आणि नळ्या लाल, काच निळ्या खुणेच्या खोक्यात, रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत. पिशवी अंगाला चिकटवून किंवा खांद्यावर टाकून न्यायची नाही, वरच्या गाठीला धरून शरीरापासून लांब धरायची. मावशींना हे शब्दांत सांगून थांबू नका, एकदा हातात पिशवी देऊन दाखवा. घरकामाच्या पातळ हातमोज्यांऐवजी त्यांना जाड रबरी हातमोजे आणि पायात बंद बूट द्या. चप्पल घालून कचरा उचलणारी बाई हे दृश्य आपल्याकडे इतकं रोजचं आहे, की ते डोळ्यांत खुपतही नाही.

शस्त्रक्रियेआधी सगळ्यांची "ट्रायडॉट" (एचआयव्हीची झटपट तपासणी) करून घ्यायची, पॉझिटिव्ह निघाला तर दोन हातमोजे आणि निगेटिव्ह निघाला तर नेहमीचं काम, हा हिशेब धोक्याचा आहे. लागण ताजी असेल तर तपासणी काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. बाळंतपण, टाके, रक्त घेणं, यात प्रत्येक पेशंटचं रक्त बाधित आहे असं धरूनच वागा. पॉझिटिव्ह पेशंटच्या खाटेला लाल पट्टी किंवा केसपेपरवर मोठ्या अक्षरांत खूण, यातून कुणाचंच संरक्षण होत नाही. गावात मात्र त्या माणसाचं जगणं कठीण होतं.

चौथं: टोचलीच, तर

इथे घड्याळ महत्त्वाचं आहे, म्हणून क्रमाने.

लगेच: वाहत्या पाण्याखाली साबणाने जागा धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. स्पिरिट, डेटॉल, बीटाडीन, ब्लीच यातलं काहीही ओतू नका, कातडीला इजा होते आणि फायदा होत नाही. डोळ्यात रक्त उडालं तर खुर्चीत मागे मान टाकून बसा आणि कुणाला तरी स्वच्छ पाणी किंवा सलाईन डोळ्यात हळूहळू ओतायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना ती तशीच राहू द्या, नंतर काढून साफ करा. तोंडात गेलं तर थुंका आणि अनेकदा चुळा भरा. न फाटलेल्या कातडीवर रक्त सांडलं, तर धुणं पुरेसं आहे.

पहिल्या दोन तासांत: एचआयव्हीचा धोका असेल तर औषधाचा पहिला डोस. याला पेप म्हणतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शनानुसार टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम यांची एकच गोळी, टीएलडी, रोज एक, २८ दिवस. जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. रुग्णाचा रिपोर्ट यायची वाट बघत पहिली गोळी लांबवू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांचं समाधान झालं, तर बंद करता येते. कचऱ्यातली बेवारस सुई टोचली असेल, तर निर्णय एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीवर औषधोपचार करणाऱ्या केंद्राच्या) डॉक्टरवर सोडा, पण फोन लगेच करा.

किनवट किंवा माहूरहून नांदेडला निघालात तर दोन तास रस्त्यातच संपतात. म्हणून हे काम सुई टोचायच्या आधी करून ठेवायचं आहे: आपल्याला जवळचं कोणतं सरकारी रुग्णालय पेपच्या गोळ्या ठेवतं, रात्री त्या कुठल्या विभागात मिळतात, कपाटाची किल्ली कुणाकडे असते. वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांतल्या एआरटी केंद्रांत चौकशी करा, राष्ट्रीय मदतवाहिनी १०९७ वरही विचारता येतं. उत्तर मिळालं की कागदावर लिहून सिस्टरच्या टेबलासमोर चिकटवा, नंबरासकट. खासगी दवाखान्याने निदान पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या आपल्या कपाटात ठेवाव्यात आणि त्यांची मुदत दर तिमाहीला बघावी.

गोळी घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, तसंच ॲसिडिटीची पातळ औषधं डोल्युटेग्रॅव्हिरचं शोषण अडवतात. आपल्या निम्म्या सिस्टर रक्त कमी म्हणून लोह घेत असतात. पेपची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. दुसरं, तुम्हाला स्वतःला हिपॅटायटीस बी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण यातली औषधं त्या विषाणूवरही चालतात आणि अचानक थांबवली तर यकृताची सूज उसळू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिनिन तपासून घ्या. गरोदर आहे म्हणून पेप नाकारायची नसते. मळमळ, डोकेदुखी, झोपेची गडबड असे त्रास होतात, त्यापायी गोळी मध्येच सोडू नका.

२४ तासांत: हिपॅटायटीस बी चा हिशेब. तुमचं टायटर १० च्या वर आल्याची नोंद असेल तर काहीही करायचं नाही, निवांत राहा. लसच घेतलेली नसेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल, तर हिपॅटायटीस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लसीचा पहिला डोस, दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या दंडांत. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत, फार तर सात दिवसांत. डोस वजनावरून ठरतो. दोन कोर्स घेऊनही ज्यांचं टायटर आलेलं नाही, त्यांना इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि महिन्याने दुसऱ्यांदा. हे इंजेक्शन महाग आहे आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहसा नसतं. तीन डोस आणि एक रक्ततपासणी याच्यापुढे फार स्वस्त पडते.

हिपॅटायटीस सी ला लस नाही आणि टोचल्यानंतर घ्यायचं औषधही नाही. इथे फक्त पाठपुरावा. तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए तपासणी, म्हणजे रक्तात विषाणूच आहे का ते बघणारी, आणि चार ते सहा महिन्यांनी अँटी-एचसीव्ही, म्हणजे त्याची प्रतिपिंडं शोधणारी. लागण झालीच, तर १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. दहा-बारा वर्षांपूर्वी असं म्हणता येत नव्हतं.

त्याच दिवशी तुमचं रक्त एचआयव्ही, एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्हीसाठी द्या. हे रक्त तुमच्या बाजूचा पुरावा आहे. आज निगेटिव्ह होतो, हे उद्या दाखवता आलं पाहिजे. रुग्णाचं रक्तही तपासा, पण त्याला विचारून. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि तोच कायदा कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं आणि पेप पुरवण्याची जबाबदारी दवाखान्यावर टाकतो. नीट सांगितलं तर बहुतेक पेशंट हो म्हणतात. "दादा, सिस्टरला तुमची सुई टोचली, तिच्यासाठी एक तपासणी करू का?" एवढं पुरतं.

एचआयव्हीची तपासणी पुढे सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. तोवर रक्तदान नको, कंडोम वापरा, बाळाला अंगावर पाजत असाल तर समुपदेशकाशी बोला. कामावरून घरी बसायची गरज नाही. टोचल्याची नोंद रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सुईचा प्रकार, काय काम चाललं होतं अशी करा. ही नोंद लपवली जाते ती बोलणी बसतील म्हणून. "नीट बघून काम करता येत नाही का?" हे वाक्य ज्या दवाखान्यात ऐकू येतं, तिथलं रजिस्टर कोरं असतं.

पाचवं: आपल्या हातून दुर्बल रुग्णांकडे

इथवर विषाणू रुग्णाकडून आपल्याकडे येत होता. डायलिसिसच्या खोलीत तो आपल्या हातमोज्यांवरून एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जातो. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास रक्त बाहेर फिरतं, शेजारी शेजारी खुर्च्या, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णाला वेगळी खोली, वेगळं मशीन, वेगळं सामान, आणि त्याचा डायलायझर (रक्त गाळणारा भाग) पुन्हा वापरायचा नाही. त्याला सांभाळणाऱ्या टेक्निशियनने त्याच पाळीत ज्यांना संरक्षण नाही अशा रुग्णांना हात लावू नये. हिपॅटायटीस सी च्या बाबतीत मशीनपेक्षा हात आणि औषधांची ट्रे जास्त घातक ठरतात. वेगळं मशीन ठेवलंत तर चांगलंच, पण त्याच्या भरवशावर हातमोजे बदलायचे राहिले तर सगळं फुकट. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना नवे हातमोजे, मध्ये हात धुणं. हेपॅरिनची बाटली खुर्चीजवळ न्यायची नाही. औषध स्वच्छ टेबलावर भरायचं आणि एका रुग्णासाठी नेलेलं उरलं तरी परत आणायचं नाही. चिकटपट्टीचा रोल, क्लॅम्प, बीपीचा पट्टा आणि खिशातलं पेन या चार गोष्टी खुर्ची ते खुर्ची हिंडत असतात आणि कुणाच्याच लक्षात येत नाहीत. रोलमधून लागेल तेवढी पट्टी आधीच कापून घ्या.

डायलिसिसच्या रुग्णाला हिपॅटायटीस बी ची लस दुप्पट डोसाने, ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात. टायटर दरवर्षी बघायचं आणि १० च्या खाली गेलं की बूस्टर. निरोगी माणसासारखा इथे भरवसा ठेवता येत नाही. सगळ्यात उत्तम वेळ डायलिसिस सुरू व्हायच्या आधीची, क्रिएटिनिन वाढायला लागल्यावरची, तेव्हा शरीर लसीला जास्त चांगलं उत्तर देतं. नातेवाइकांनो, तुमच्या माणसाची डायलिसिस चालू असेल तर त्याचं टायटर किती, शेवटची एचबीएसएजी तपासणी कधी झाली, आणि पॉझिटिव्ह रुग्णांचं मशीन कोणतं, हे तिन्ही प्रश्न सेंटरमध्ये सरळ विचारा. त्याचा राग येणारं सेंटर बदललेलं बरं.

थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त लागतं. रक्तपेढीत एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या बंधनकारक आहेत, तरी ताज्या लागणीचा काळ उरतोच. नॅट तपासणी (विषाणूचा अंश थेट शोधणारी) केलेलं रक्त मिळत असेल तर ते मागा, मुलाची हिपॅटायटीस बी लस पूर्ण करा आणि तपासण्या नियमित ठेवा. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (पूर्वी लागण होऊन गेली का ते सांगणारी तपासणी) बघून घ्या. वर्षानुवर्षं झोपलेला हिपॅटायटीस बी या औषधांनी जागा होतो आणि कधी यकृतच निकामी करतो. आणि बाळंतपणात आई पॉझिटिव्ह निघाली, तर बाळाला लस २४ तासांच्या आत आणि इम्युनोग्लोब्युलिन १२ तासांच्या आत. ऊसतोडीहून परतलेली, एकही तपासणी न झालेली बाई कळा घेऊन येते, तेव्हा तिची एचबीएसएजी त्याच तासाला करा, सकाळची वाट बघू नका.

हवेतून येणारे

फ्लू, कोरोना, गोवर, कांजिण्या. याबद्दल गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी बरंच ऐकलं आहे, म्हणून आपल्या भागापुरतं सांगते. ताप-खोकल्याचा पेशंट दारातच ओळखून त्याला मास्क द्या आणि शक्य तर बाहेर, सावलीत बसवा. आपल्या उन्हाळ्यात कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, समोरची खिडकी उघडी ठेवली तर तो चांगला मित्र आहे. भिंतीवरचा एसी मात्र तीच हवा फिरवत राहतो. खिडक्या बंद करून एसी लावलेल्या वेटिंगमध्ये गोवराचं एक पोर येऊन गेलं, तर तो विषाणू ते गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत असतो. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्या. कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही अशी सिस्टर कांजिण्यांच्या रुग्णाच्या संपर्कात आली, तर आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत तिला नवजात बाळं, गरोदर बाया आणि केमोच्या रुग्णांपासून लांब ठेवा. ताप असलेल्या कर्मचाऱ्याला घरी पाठवा, पगार न कापता. पगार कापलात तर तो गोळी घेऊन कामावर येणार.

हात, पाणी आणि ब्लीचिंग

टँकर चार दिवसांनी येतो तिथे "वाहत्या पाण्याखाली हात धुवा" म्हणणं सोपं आहे. तरी खालच्या बाजूला तोटी असलेलं पिंप प्रत्येक वॉर्डात ठेवता येतं. तळहात मळलेले नसतील तर हातावर चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरतं, २० ते ३० सेकंद, बोटांच्या टोकांसह. रक्त किंवा घाण लागली असेल तर साबण-पाणीच हवं. ओपीडीच्या कोपऱ्यातलं ते स्टीलचं घमेलं, त्यात लोशन घातलेलं पाणी, शेजारी सगळ्यांचा एक नॅपकिन, हे आधी बाहेर काढा. सकाळपासून सगळ्यांनी त्याच पाण्यात हात बुचकळलेले असतात.

रक्त सांडलं तर हातमोजे घालून त्यावर कागद किंवा कापड टाका, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता, किमान दहा मिनिटं थांबा, मग बाहेरून आत पुसत या. ५ टक्के द्रावण मिळत असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर ताजी आणि चांगली असेल तर लिटरला साधारण ३० ग्रॅम. रोज नवं बनवा, झाकून अंधारात ठेवा, आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

ताप, रक्तस्राव आणि गोचीड

हे क्वचित घडेल, पण घडलं तर एका रात्रीत. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप भारतात पहिल्यांदा निश्चित झाला तो जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबादजवळ साणंद तालुक्यात. पहिल्या रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स, दोघेही त्याच आजाराने गेले. हा विषाणू गोचिडांमधून जनावरांत आणि माणसांत येतो, आणि रुग्णाच्या रक्तातून दवाखान्यात पसरतो. देवणी आणि लाल कंधारी जनावरांच्या आपल्या मुलखात अंगावर गोचीड चिरडणारा गुराखी किंवा कत्तलखान्यातला कामगार नवा नाही. त्याला अचानक जोराचा ताप आला, हिरड्यांतून, नाकातून किंवा सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबेना, आणि डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तर गोचिडाचं विचारा. शंका आली की वेगळी खोली, एकच ठरलेला कर्मचारी, दोन हातमोजे, गाऊन, डोळ्यांवर चष्मा, एन-९५. रक्त अगदी लागेल तेवढंच काढा, आणि लॅबला आधी फोन करून सांगा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. नमुना त्यांच्यामार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जातो. त्या रुग्णाच्या रक्ताशी संपर्क आलेल्या प्रत्येकाचं नाव लिहून १४ दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. त्या यादीत चादरी धुणाऱ्या मावशींचं नाव राहून जातं, ते आठवणीने घाला.